माळरानाचा कारभार कोण पाहतो? अभयारण्यातले वनाधिकारी आणि वन्यजीव तज्ज्ञ नेमकं काय काम करतात, जाणून घ्या

सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजजवळ गेलं की दोन्ही बाजूंना उघडा माळ दिसतो. झाड कमी, गवत जास्त. अनेकांना ही जमीन पडीक वाटते. सरकारी गाडी येते, कोणी दुर्बिणीतून बघतं, वहीत काही लिहितं आणि निघून जातं. मग गावात प्रश्न निघतो, "ही माणसं दिवसभर करतात तरी काय?" विशेषतः पावसाळ्यात चराई बंद झाली की हा प्रश्न रागाने विचारला जातो. म्हणून हे काम काय असते, निर्णय कोण घेतो आणि गावकऱ्यांना त्यात कुठे बोलता येते, याची ही माहिती.

निर्णय कोणाचा, सल्ला कोणाचा?

काही देशांत सरकारी वन्यजीव जमिनीचा प्रमुख हाच मुळात जीवशास्त्रज्ञ असतो. आपल्याकडे दोन कामे वेगळी आहेत. जमिनीचा ताबा आणि निर्णय वन विभागाकडे असतो. सर्वांत खाली वनरक्षक, त्यावर वनपाल, मग वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे गावच्या भाषेत 'रेंजर साहेब', त्यावर सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक. अभयारण्याबाबत कायद्याने अंतिम अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे.

वन्यजीव तज्ज्ञ किंवा जीवशास्त्रज्ञ हा मोजणी करणारा आणि सल्ला देणारा माणूस. व्याघ्र प्रकल्पांत असे जीवशास्त्रज्ञ कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. इतर ठिकाणी संशोधन संस्थांची मदत घेतली जाते. नान्नजच्या माळावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला.

मुख्य काम जनावरं पकडण्याचं नाही

वन्यजीव तज्ज्ञ म्हटलं की बिबट्याला बेशुद्ध करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ते काम पशुवैद्य आणि बचाव पथकाचे. जमीन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे खरे काम साधे दिसते, पण अवघड आहे. कोणता तुकडा कधी बंद ठेवायचा, गवत कधी कापायचे, पाणी कुठे ठेवायचे आणि झाड कुठे लावायचे नाही, हे त्याला ठरवायचे असते.

माळढोकाचेच उदाहरण घ्या. हा पक्षी साधारण मीटरभर उंच. वीण मुख्यतः पावसाळ्यात. मादी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळपास चार आठवडे उबवते. तेवढ्या काळात शेळ्या-मेंढ्यांचा कळप त्यावरून गेला किंवा मोकाट कुत्रे आले, तर त्या वर्षीची पैदास गेली. आज देशात सुमारे दीडशेच माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेर भागात आहेत. नान्नजला त्याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे.

पण माळ एकट्या माळढोकाचा नाही. लांडगा, खोकड, तरस, काळवीट, चंडोल, धाविक हे सगळे गवतावरच जगतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या पक्षी टोळ आणि नाकतोडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचेही काम करतात.

गवताचं वेळापत्रक आणि गावाची अडचण

वादाचे मूळ इथे आहे. माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी अशी गवते येतात. कुसळी कोवळी असताना जनावर आवडीने खाते. फुलोरा येऊन कुसळ धरले की ती कडक होते, जनावराच्या तोंडाला टोचते आणि मेंढीच्या लोकरीत अडकते. म्हणून पशुपालकाला गवत लवकर हवे असते.

अधिकाऱ्याला मात्र गवताचे बी जमिनीवर पडेपर्यंत थांबायचे असते. बी पडले नाही तर पुढच्या वर्षी चांगली गवते कमी होतात आणि तरोटा, रानतुळस असले जनावर न खाणारे तण वाढते. त्यात पावसाळा हाच पक्ष्यांच्या विणीचा काळ. एकाच गवताकडे दोघे बघतात, दोघांची वेळ वेगळी आणि दोघांचेही म्हणणे खरे.

यावर जाणकार अधिकारी तुकडे पाडतात. काही तुकडे पूर्ण बंद, काही ठिकाणी बी पडल्यावर विळ्याने कापून न्यायला परवानगी, तर काही आळीपाळीने चराईला. सगळं बंद केलं तर लोक रात्री जनावरं घालतात. सगळं उघडं ठेवलं तर दोन-तीन वर्षांत माळ बोडका होतो आणि मग पक्षीही नाही, चाराही नाही. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नज भागात काही तुकड्यांना चराईपासून संरक्षण मिळाले. तिथे गवत सुधारले आणि माळढोकांना आसरा मिळाला.

झाड लावणं नेहमीच चांगलं नसतं

हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी अशी झाडे दाट लावली की खालचे गवत सावलीने मरते. उघड्यावर राहणारा पक्षी दूरवर नजर ठेवून जगतो. झाडोरा वाढला की शत्रू कुठून येतो हे त्याला कळत नाही आणि तो जागा सोडतो. त्यामुळे वृक्षारोपणाचे उद्दिष्ट आले की "इथे नको, गावाजवळच्या ओढ्याकाठी लावा" हे वरिष्ठांना पटवणे, हेही या कामातच येते.

विजेच्या तारांचेही तसेच. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. जड शरीरामुळे तो ऐनवेळी वळूही शकत नाही, त्यामुळे तारेला धडकून मरतो. म्हणून अशा भागात तारा जमिनीखालून नेणे किंवा तारांवर दिसणाऱ्या चकत्या बसवणे हे उपाय केले जातात.

वर्षभराचं काम

- जून ते सप्टेंबर : विणीवर लक्ष, चराईबंदी, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त.
- ऑक्टोबर ते डिसेंबर : गवताची पाहणी, कापणीची परवानगी, हिवाळी पक्ष्यांची नोंद.
- जानेवारीपासून : जाळरेषा काढणे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो, त्याआधी हे काम संपावे लागते.
- उन्हाळा : पाणवठ्यात पाणी भरणे, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणीगणना.

याशिवाय ठरलेल्या वाटेवर चालत प्राणी मोजणे, ट्रॅप कॅमेरे लावणे, विष्ठा तपासून लांडग्याने काय खाल्ले हे पाहणे चालूच असते. दिवसाचा बराच वेळ मात्र कागदांत जातो. पंचनामे, आराखडे, निधीची मागणी आणि कोर्टाच्या तारखा हेही याच माणसाला बघावे लागते.

दोन अभयारण्यं, दोन धडे

माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिळून जाहीर झाले. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात बहुतांश जमीन लोकांची खासगी, शिवाय गावंच्या गावं आणि रस्तेही आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि कामांवर निर्बंध आल्याने लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले.

दुसरीकडे कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० चे, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. जागा छोटी, पण हद्द स्पष्ट. तिथे काळवीट टिकले. मात्र काळवीट हद्द ओळखत नाही, ते आसपासच्या शेतातही उतरते.

दोन्हीकडून एकच गोष्ट समजते. नकाशावर रेघ मोठी मारली म्हणून प्राणी वाचत नाही. जितकी जमीन खरोखर सांभाळता येते आणि आसपासच्या लोकांना जितकी पटते, तितकीच उपयोगाची.

गावकऱ्यांनी हे लक्षात ठेवावे

- अभयारण्यात चराईचे नियमन किंवा बंदी करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. कोणता तुकडा कधी उघडणार, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा.
- अभयारण्यात आणि हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आतील जनावरांच्या लसीकरणाची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. लसीकरण झाले नसेल तर ग्रामपंचायतीमार्फत मागणी करा.
- अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे. त्यात आमदार आणि पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी असतात. तुमच्या भागातून कोण आहे, समिती शेवटची कधी बसली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.
- अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून करावा लागतो.
- लांडग्याने शेळी-मेंढी मारली तर ती हलवू नका. फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. मेलेल्या जनावरावर विष टाकणे हा गुन्हा आहे, शिवाय त्याने गावची कुत्रीही मरतात.

या कामात यायचे असेल तर

बारावीनंतर वनरक्षक भरतीचा मार्ग आहे. पदवीनंतर एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतून वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा सहायक वनसंरक्षक होता येते, तर यूपीएससीमधून भारतीय वनसेवेत जाता येते. संशोधनाची आवड असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था इथे वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते.

माळाजवळच्या गावातल्या मुलामुलींकडे एक गोष्ट आधीच असते. कोणते गवत कधी कडक होते आणि लांडगा कोणत्या नाळीतून उतरतो, हे त्यांना घरातूनच ठाऊक असते. धनगर आणि गुराख्यांची हीच माहिती वापरणारा अधिकारी मोजणीत कमी चुकतो. माळाचे वेळापत्रक करताना ज्याने आधी त्यांना विचारले, त्याच्या तुकड्यात रात्री चोरून शिरणारी जनावरेही कमी असतात.