सिस्टरचा साहेब कोण? ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका व्यवस्थेची रचना

ग्रामीण रुग्णालयात सिस्टर कमी पडतात म्हणून आपले कार्यकर्ते निवेदन घेऊन जातात, वैद्यकीय अधीक्षकांच्या हाती देतात, फोटो काढतात आणि परत येतात. अधीक्षकांना ड्युटी लावता येते, नियमित पद भरता येत नाही. म्हणून आधी रचना समजून घेऊ.

अकोले तालुक्यातील राजूर पाहा. इथले ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. अधीक्षकांच्या वर जिल्हा शल्यचिकित्सक, आणि ते बसतात शंभर किलोमीटरहून दूर अहिल्यानगरला. डोंगरातल्या वाड्यांची उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे मात्र जिल्हा परिषदेची. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी प्रमुख. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्राची आरोग्य सेविका अडलेल्या बाईला घेऊन रुग्णालयात येते, तेव्हा ती दुसऱ्या खात्याच्या दारात उभी असते. तिचा आणि वॉर्डातल्या सिस्टरचा वरिष्ठ एक नाही. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे, म्हणून अनेकजण तिकडे धाव घेतात. पण रुग्णालयातील परिचारिकांची नेमणूक त्या कार्यालयाकडे नाही.

तिसरा धागा कंत्राटाचा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून कंत्राटी परिचारिका आल्या. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत कायम आणि कंत्राटी सिस्टर सारखेच काम करतात. पगार वेगळा, रजा वेगळ्या, आणि कंत्राटी सिस्टरला पुढच्या ऑर्डरची चिंता. अशी मुलगी चुकीच्या कामाला 'नाही' कशी म्हणेल? आपल्या वस्त्यांतल्या जीएनएम, एएनएम झालेल्या मुलींनी नोकरी घेताना हे माहीत करून घ्यावे.

कागदावर परिचारिकांची स्वतःची उतरंड आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका म्हणजे मेट्रन. लहान रुग्णालयात ही पूर्ण साखळी नसते. ज्येष्ठ सिस्टरच 'इन्चार्ज' होते. ड्युटी तक्ता, औषधांचा साठा, चादरी, रजिस्टरे सगळे तिच्याकडे, पण माणूस वाढवून मागण्याचा अधिकार नाही. डॉक्टर उपचाराचा आदेश देतात, कार्यालय रजेचा, जिल्हा प्रशिक्षणाचा. व्यवस्थापनशास्त्रात हेन्री फेयोलने १९१६ मध्ये मांडलेले तत्त्व आहे की एका कर्मचाऱ्याला आदेश देणारा एकच असावा. इथे तीन-चार आहेत.

आता हिशेब. २०१२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार ३० खाटांच्या रुग्णालयाला किमान १० अधिपरिचारिका हव्यात. आठवड्याला एक सुट्टी धरली तर त्यांच्या ६० ड्युट्या होतात, आणि पाळ्या असतात २१. म्हणजे एका पाळीला तीनही नाहीत. रजा, प्रशिक्षण, शस्त्रक्रियेचा दिवस वजा करा, उरतात दोन. एक प्रसूतिगृहात गेली की ३० खाटांना एकच. ही स्थिती सगळी पदे भरलेली असतानाची.

रचनेतला दोष शेवटी कोणावर येतो, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, हे खरे. पण अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. परिचारिका संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्या रात्रंदिवस वॉर्डात हजर असतात म्हणून पहिल्या सापडतात. इमारतीची वायरिंग आणि अग्निसुरक्षेची यंत्रणा मात्र त्यांच्या अधिकारात कधीच नसते.

तेव्हा पुढचे निवेदन लिहिण्याआधी माहिती अधिकारात एक अर्ज टाका: मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किती. शेवटचा प्रश्न विसरू नका. दुसरीकडे पाठवलेल्या सिस्टरचे पद कागदावर भरलेलेच दिसते. रुग्णालयाची माहिती जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे मागा, उपकेंद्राची जिल्हा परिषदेकडे. दोन्हींसाठी अर्ज वेगवेगळे करा.