नळदुर्गचा पूल

आमच्या अक्कलकोटकडच्या वृद्ध माणसांची कालगणना शालिवाहन शकाची नव्हती आणि इसवी सनाचीही नव्हती. अमक्याचे लग्न केव्हा झाले, गावची विहीर केव्हा खोदली, बैलजोडी कितीला घेतली, या सर्व प्रश्नांचे उत्तर ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या नंतर’ असे यावयाचे. घरात मराठी बोलणारे असोत की कानडी, हा इंग्रजी शब्द मात्र दोघांच्याही तोंडी सारखाच रुळलेला. परक्या माणसाने तो ऐकला तर त्याला वाटावे, या भागात कधी काळी पोलिसांनी दरोडेखोरांची मोठी टोळी पकडली असेल! वस्तुतः १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे या सरहद्दीवरून जे आत शिरले त्यात रणगाडे होते, तोफा होत्या, पायदळाच्या पलटणी होत्या आणि डोक्यावर विमाने होती. पोलीस कोठेच नव्हते. लष्करी दप्तरात या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे आहे. तिचा पहिला दिवस ज्या पुलापाशी ठरला, तो पूल अक्कलकोटपासून चाळीसेक किलोमीटरांवर, नळदुर्गला, बोरी नदीवर आहे. हीच बोरी पुढे खाली वाहत आमच्या तालुक्यात येते, आणि कुरनूरच्या धरणात साठते ते पाणी तिचेच.

त्या काळची सरहद्द आज नकाशावरही दिसत नाही, म्हणून ती थोडी समजावून सांगितली पाहिजे. अक्कलकोट हे भोसल्यांचे छोटे संस्थान. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सोलापूर जिल्ह्याचा भाग बनले. पण गावच्या उत्तरेला आणि पूर्वेला थोडे चालून गेले की निजामाचा मुलूख लागे. देवाधर्माचा प्रवास तर या रेषेवाचून व्हावयाचाच नाही. अक्कलकोटचे स्वामी समर्थ, गाणगापूरचे दत्तगुरू आणि तुळजापूरची भवानी ही तीन ठिकाणे आमच्याकडचा भाविक एका दमात उच्चारतो. त्यांपैकी पहिले अलीकडे, उरलेली दोन्ही निजामाकडे. वाटेत करोडगिरीचे नाके. तेथे गाठोडी सोडून दाखवावी लागत. पैसाही वेगळा, हाली शिक्क्याचा. माझी आजी सांगे की तुळजापूरला निघताना बायका एका कनवटीला कलदार आणि दुसऱ्या कनवटीला हाली बांधीत, आणि देवीपुढे ठेवताना कोणता कोणता याचा हमखास घोटाळा होई.

हा सारा कारभार पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत का होईना चालला होता. तो बिघडला १९४७ नंतर. इंग्रज गेले, आणि निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. परंतु त्याची शाई वाळण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या तक्रारी सुरू झाल्या. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता. खेड्यांतून लूट, जाळपोळ, खून यांच्या बातम्या येऊ लागल्या. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्टेशनात मद्रासहून मुंबईला निघालेल्या मेलगाडीवर हल्ला झाला. अक्कलकोट रोड स्टेशनाच्या पुढे हे स्टेशन किती जवळ आहे, हे या मार्गाने गेलेल्यांना सांगावयास नको. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा खून झाला. रझाकारांविरुद्ध त्याने लिहिले, एवढाच त्याचा अपराध. तो मुसलमान होता, हे येथे मुद्दाम सांगतो; कारण पुढे जे घडले त्यात ही गोष्ट लोक फार लवकर विसरले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आणि सरहद्दीच्या अलीकडच्या गावांतून पलीकडची कुटुंबे येऊन राहिली होती. आमच्याही ओसरीवर त्या पावसाळ्यात पलीकडच्या सोयऱ्यांच्या दोन चुली मांडलेल्या होत्या असे घरी सांगत.

आता मोहिमेकडे वळू. तिचा मूळ आराखडा दक्षिण कमांडचे प्रमुख जनरल गॉडर्ड यांनी केला होता. हैदराबादवर दोन बाजूंनी मुख्य चाल करावयाची: पूर्वेकडून बेझवाड्याहून आणि पश्चिमेकडून सोलापूरहून. प्रत्यक्ष मोहीम झाली तेव्हा कमांडचे प्रमुख राजेंद्रसिंहजी होते, सोलापूरच्या बाजूची धुरा मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होती, बेझवाड्याची मेजर जनरल रुद्र यांच्याकडे, आणि हवाई दलाचे काम एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी पाहत होते. मुख्य घाव पश्चिमेचाच. चौधरींनी आपल्या फौजेचे निरनिराळे भाग पाडले होते आणि त्यांना ‘स्ट्राइक’, ‘स्मॅश’, ‘किल’, ‘वीर’ अशी नावे होती. पोलिसी कारवाईला ही नावे जरा भारीच म्हणावयाची!

सोलापूरहून हैदराबादला जाणारी सडक एकच, सुमारे तीनशे किलोमीटरांची. कागदावर हा मैदानी मुलूख आहे. रणगाड्यांना कोणीकडूनही जाता येईल असे वाटावे. पण ज्याने भाद्रपदात आमच्याकडची काळी माती तुडवली आहे त्याला असे वाटणार नाही. दोन सरी पडल्या की चाकाला मण मण चिखल चिकटतो. बैलगाडीची कथा ती, तर लष्करी ट्रकांची काय असणार? म्हणजे सैन्य सडकेला बांधलेले, आणि सडक पुलांना. सरहद्द ओलांडल्यावर पहिला मोठा पूल बोरीवरचा. तो उडाला असता तर पाठीमागची शेकडो वाहने नदीकाठी खोळंबून राहिली असती.

नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही जागा किती अडचणीची आहे ते ठाऊक असेल. बोरी तेथे खोल दरीतून वळसे घेत जाते. त्या नदीवरच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते ते पाहावयास आजही गर्दी लोटते. (१८५३ मध्ये हा भाग काही वर्षे इंग्रजांकडे होता, तेव्हा ‘ठगाची जबानी’ लिहिणारा मेडोज टेलर येथे अधिकारी होता. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. हे परत देणे झाले नसते तर आमच्या आजीच्या कनवटीला एकच नाणे राहिले असते!) अशा जागी मूठभर जिद्दीच्या माणसांनीही मोठी फौज अडवून धरावी. हैदराबादच्या पहिल्या इन्फंट्रीची माणसे तेथे होतीही.

गणपतीचे दिवस होते. पहाटे चारच्या सुमारास सातव्या ब्रिगेडने हालचाल केली. पूल उडविण्याची योजना निजामाच्या बाजूने केलेली होती. त्या कामावर नेमलेला एक इंग्रज माणूस स्फोटके भरलेल्या गाडीसह सापडला. म्हणजे सुरुंग तयार होता, माणूस तयार होता, पण वेळ चुकली. हल्ला आजच, याच घटकेला येईल असे त्यांना वाटले नव्हते. पूल जसाच्या तसा हाती आला. मग किल्ल्याच्या आसपासच्या मोर्चांवर दुसऱ्या शीख पलटणीने चढाई केली.

या पलटणीतील हवालदार बचित्तर सिंग यांची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहाटे चार वाजता त्यांना समोरून दोन वाहने येताना दिसली. गोळीबार झाला, बचित्तर सिंग धावून गेले आणि दोन्ही वाहने आतल्या माणसांसह ताब्यात घेतली. त्याच दिवशी पुढे एका भक्कम मोर्चावर चढाई करताना, शत्रू तीसेक यार्डांवर राहिला असता, मशीनगनची फैर त्यांच्या मांडीत घुसली. ते खाली पडले, तसेच सरपटत पुढे गेले आणि दोन हातबाँब टाकून ती मशीनगन बंद पाडली. मागे नेऊ म्हणणाऱ्यांचे त्यांनी ऐकले नाही. माणसांना पुढे घालीत राहिले आणि तेथेच त्यांचा प्राण गेला. पुढे १९५२ मध्ये शौर्याची नवी पदके निघाली तेव्हा त्यांना अशोकचक्र मिळाले. ते या पदकाचे पहिले मानकरी समजले जातात. आता गंमत पाहा. रणांगणावर शत्रूसमोर दाखविलेल्या शौर्यासाठी परमवीरचक्र असते. अशोकचक्र असते त्याखेरीजच्या शौर्यासाठी. मशीनगनीच्या तोंडावर मेलेल्या माणसाचा पराक्रम दुसऱ्या रकान्यात गेला, कारण सरकारी भाषेत ते युद्धच नव्हते! त्याच दिवशी दक्षिणेला तुंगभद्रेच्या रेल्वेपुलाजवळ नाईक नरबहादूर थापा यांनी उघड्या मैदानातून धावत जाऊन खुकरीने ब्रेनगन बंद पाडली. त्यांनाही अशोकचक्रच.

पूल मिळाल्यावर घड्याळ भराभर पुढे सरकले. नऊ वाजता रणगाडे नळदुर्गपासून आठ किलोमीटरांवरच्या जळकोटला होते. दुपारी सव्वातीनपर्यंत आघाडी उमरग्याला पोहोचली, म्हणजे निजामाच्या हद्दीत एकसष्ट किलोमीटर आत. दुसरी एक तुकडी पहाटेच तुळजापूरला भिडली होती. तेथे हैदराबादी शिपाई आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. ही तुकडी पुढे लोहाऱ्याकडे निघाली खरी, पण नदीला पूर आला होता आणि तिला थांबावे लागले. नळदुर्गचा पूल पडला असता तर काय झाले असते, याचे उत्तर त्याच दिवशी जवळच मिळाले ते असे.

आकाशातली लढाई एकतर्फी होती. निजामाजवळ लढाऊ विमानदळ म्हणावे असे काही नव्हतेच. मात्र सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री लँकास्ट्रियन विमाने भरून शस्त्रे आणीत असे आणि ती बीदर, वरंगळ अशा विमानतळांवर उतरत. ती वाट बंद करणे हे भारतीय हवाई दलाचे पहिले काम. टेंपेस्ट विमाने दुसऱ्या दिवशी, उमरग्याच्या पुढे राजेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर अधिक उपयोगी पडली. दबा धरून बसलेल्या टोळ्या वरून हेरल्या, त्यांच्यावर मारा केला आणि सडक मोकळी झाली. रणगाडा, ट्रक आणि विमान यांनी एकमेकांच्या हातात हात घालून चालावयाचे हा धडा दुसऱ्या महायुद्धात जगाने गिरवला होता. स्वतंत्र भारताच्या सैन्याने तो आपल्याच भूमीवर, आपल्याच माणसांच्या राज्यात, सडकेच्या दोहों बाजूंच्या ज्वारीमधून जात, गिरवून दाखविला.

उरलेले दिवस थोडक्यात सांगतो, कारण पहिल्या दिवसानंतर निकालाविषयी शंका उरली नव्हती. उत्तरेकडून औरंगाबाद आणि जालना हाती आले, पूर्वेकडून रुद्रांची फौज सरकत राहिली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीपुढे हैदराबादची तक्रार निघाली. ‘पोलीस ॲक्शन’ या शब्दाची गरज कोठे होती, हे येथे कळते. आपल्या घरच्या बंदोबस्ताची चौकशी परक्यांनी करावयाची नसते. १७ तारखेस संध्याकाळी निजामाने आकाशवाणीवरून शरणागती जाहीर केली, रामानंद तीर्थ सुटले, आणि १८ तारखेस सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात आणि तो पाळावा असाच आहे. ज्यांनी रझाकारांचा अंमल सोसला त्यांना त्या संध्याकाळी किती हायसे वाटले असेल, हे आम्हां सरहद्दीवरच्यांना कोणी समजावून द्यावयास नको. ओसरीवरच्या त्या दोन चुली दसऱ्याच्या आत आपापल्या गावी गेल्या.

परंतु रणगाडे सडकेने पुढे गेले आणि मागे सडकेपासून दूरची खेडी राहिली. तेथे ना जुना अंमल होता, ना नवा. जुन्या जखमांचा सूड उगवायला आता मोकळे रान होते, आणि तो ज्यांनी जखमा केल्या त्यांच्यावरच उगवला गेला असेही नाही. त्या हिवाळ्यात पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हैदराबाद राज्यात फिरून अहवाल दिला. त्यात मारल्या गेलेल्या मुसलमानांची संख्या कमीत कमी २७,००० ते ४०,००० धरली आहे, आणि सर्वांत वाईट जिल्हे म्हणून चार नावे दिली आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. उस्मानाबाद, आजचे धाराशिव, म्हणजे नळदुर्ग आणि तुळजापूर ज्यात आहेत तो जिल्हा. गुलबर्गा म्हणजे गाणगापूरचा. अक्कलकोटच्या दोन बाजूंचे हे आमचे शेजारी. हा अहवाल कित्येक वर्षे दप्तरात बंद राहिला. सर्वसामान्य वाचकाच्या हाती तो २०१३ च्या सुमारास आला. तोवर ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण गेले होते. म्हातारी माणसे लग्ने, विहिरी, बैलजोड्या सांगत. मधल्या त्या आठवड्यांविषयी कोणी विचारले तर चंचीतून सुपारी काढीत आणि अडकित्ता शोधू लागत.

त्याच अहवालात एक नोंद आहे. अनेक गावी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविले, आणि हा जिव्हाळा एकाच धंद्यातल्या माणसांत विशेष दिसला. समितीने उदाहरण दिले आहे ते विणकरांचे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविले.