मंग्रेल

रूबी या संगणकभाषेसाठी लिहिलेला मुक्तस्रोत वेब सर्व्हर. अमेरिकन आज्ञावलीकार झेड शॉ यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. रूबी ही भाषा जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये, तर तिच्यावर आधारलेली ‘रेल्स’ ही संकेतस्थळे उभारण्याची चौकट डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी २००४ मध्ये खुली केली. रेल्समुळे संकेतस्थळाची बांधणी सुलभ झाली. तथापि आलेली मागणी स्वीकारून चौकटीपर्यंत पोहोचविण्याचे साधन दुबळेच होते. रूबीबरोबर मिळणारा वेब्रिक हा सर्व्हर मंदगती होता, तर फास्टसीजीआय ही पद्धत बसविण्यास किचकट व वापरात बेभरवशाची ठरे. ही उणीव मंग्रेलने भरून काढली.

मंग्रेलचा बहुतेक भाग रूबीत लिहिलेला होता. मागणीचे पृथक्करण करणारा भाग मात्र एड्रियन थर्स्टन यांच्या रॅगेल या साधनाने सी भाषेत निर्माण केला होता. एचटीटीपीच्या व्याकरणात न बसणारी मागणी तो नाकारीत असे; त्यामुळे वेगाबरोबर सुरक्षितताही साधली. त्या काळी रेल्समध्ये एका प्रक्रियेत एका वेळी एकच मागणी हाताळली जाई. परिणामी अपाचीसारख्या सर्व्हरमागे मंग्रेलच्या अनेक प्रती चालवाव्या लागत व स्मृती बरीच खर्ची पडे.

पुढे शॉ रूबी-समुदायापासून दूर झाले आणि मंग्रेल मागे पडला. त्याचा पृथक्कारक मात्र टिकला. कारण मुक्त परवान्यामुळे तो कोणालाही घेता येत होता. थिन (२००८) व एरिक वाँग यांचा युनिकॉर्न (२००९) हे सर्व्हर त्यावरच उभे राहिले. एव्हन फिनिक्स यांनी २०११ मध्ये प्यूमा हा सर्व्हर रचताना तोच पृथक्कारक घेऊन त्याला थ्रेडसंचाची जोड दिली. रूबीच्या प्रमाण आवृत्तीत एका प्रक्रियेतील अनेक थ्रेडना रूबीची आज्ञावली एकाच वेळी चालविता येत नाही. परंतु एक थ्रेड माहितीसंचाच्या उत्तराची वाट पाहत असता दुसरा काम करू शकतो. २०१६ मध्ये रेल्सच्या पाचव्या आवृत्तीने वेब्रिकऐवजी प्यूमा हा पूर्वनिश्चित सर्व्हर म्हणून स्वीकारला.

प्यूमामध्ये २०२० साली एका मागणीआड दुसरी मागणी लपवून घुसविता येण्याचे दोष आढळले व ते दुरुस्त करण्यात आले. मुक्त परवान्यामुळे आज्ञावली मूळ कर्त्यावाचूनही टिकू शकते; तिची निगा राखणारे मात्र पुढच्या पिढीत मिळावेच लागतात, हे मंग्रेलच्या इतिहासावरून दिसून येते.