शाळा सुटल्यावर पोर बसतं कुठं?

शाळांचा इतिहास लिहिला जातो. पण शाळा सुटल्यावर पोर कुठं बसलं, हे क्वचितच कुणी लिहितं. आमच्या मते खरी गोम तिथंच आहे.

1855 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. विद्यार्थिदशेत बाबासाहेबांचं सारं घर परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत होतं. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथं केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. त्यांनी पुस्तकं पुरवली. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढं आपल्या खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं.

आता एरंडोलकडे पाहू. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप दिवेलागणीला घरी येतात. गणित अडलं तर पोरानं विचारावं कुणाला? दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुढचा धडा येतो आणि पोर मागं पडतं. संध्याकाळी तासभर कुणी शेजारी बसलं, तर गाठ तिथंच सुटते. सातवीतली पोरगी तिसरीतल्याला पाढे सांगते, तेव्हा तिचेही पक्के होतात. मात्र शाळेतलंच पुन्हा घोकून घेतलं तर पोरं कंटाळतात. केळुसकर गुरुजींनी हातात पुस्तक दिलं होतं, हे विसरू नये.

वर्धापनदिनी विहार रोषणाईनं उजळतो. एरवीच्या संध्याकाळी तिथं एक दिवा, एक सतरंजी आणि न चुकता येणारा एक माणूस असावा, एवढंच आमचं मागणं आहे.

जय भीम!