पॉइंट, वही आणि जळगावचं विमान

कानात हेडफोन घालून ऐकायला ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझा खोकला आणि सतराशे साठ वेळा आलेलं "म्हणजे बघा" काढून टाकलंय.

आजोबांचं धुळ्याला पाचकंदील भागात किराणा दुकान होतं. आप्पा त्या दुकानात उधारीची वही लिहीतच मोठे झाले. नंतर आम्ही जळगावला आलो. मी बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. आईने तोपर्यंत विमान आतून कधी पाहिलं नव्हतं, आणि 2023 मध्ये मला वाटलं की हे काम आपण फुकटात करू.

फुकटात म्हणजे कसं? एका बँकेचं कार्ड होतं. पहिल्या 90 दिवसांत एक लाख खर्च करा, 10,000 पॉइंट घ्या. विमानाच्या तिकिटावर एका पॉइंटचा एक रुपया. घरात चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि जळगावात लग्न म्हणजे सोनं आलंच. काकांचे पैसे मी घेतले आणि सराफाकडे कार्ड पुढे केलं. तो म्हणाला, "कार्डाचे दोन टक्के वर लागतील, भाऊ." झाले दोन हजार. कार्डाची फी 2,500, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,950. एकूण 4,950 खर्चून दहा हजारांची तिकिटं! मी खूश.

दोन महिन्यांनी मेल आला. आता एका पॉइंटचे पन्नास पैसे. दहा हजारांचे पाच हजार झाले. माझा निव्वळ नफा पन्नास रुपये.

आप्पांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "वही कोणाकडे असते?"

हा प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून मागे जाऊन वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोपासून. हे गाव आपल्यासारखंच शेतीवर चालणारं, तिथे द्राक्षं आणि बेदाणे. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने तिथल्या 60,000 लोकांना पोस्टाने क्रेडिट कार्डं पाठवली. कोणी मागितली नव्हती. कल्पना करा, रावेर-सावद्याच्या घराघरात न मागता कार्ड येऊन पडलंय! बँकेचा अंदाज होता की चार टक्के लोक पैसे थकवतील. थकले 22 टक्क्यांच्या आसपास. तरी बँकेने योजना सोडली नाही, आणि तेच कार्ड पुढे 1976 मध्ये 'व्हिसा' झालं. न मागता कार्ड पाठवायला अमेरिकेने 1970 मध्ये बंदी घातली. म्हणजे आता गिऱ्हाइकाने स्वतः अर्ज करायला हवा. तो त्याने का करावा? त्याला काहीतरी दाखवायला हवं.

ते 'काहीतरी' विमान कंपन्यांनी दिलं. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजायला सुरुवात केली. 1987 मध्ये सिटीबँकेबरोबर त्यांचं कार्ड आलं, आणि खरी गंमत इथे आहे. बँक हे मैल विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेते आणि आपल्याला वाटते. कंपनीला ते तयार करायला काय लागतं? डेटाबेसमध्ये एक आकडा वाढवायचा. हे काम मी रोज करतो, मला माहितीये ते किती स्वस्त आहे.

मग बँक हा खर्च का करते? दुकानदाराकडून मिळणारा दीड-दोन टक्क्यांचा वाटा, तुमची वार्षिक फी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे थकबाकीवरचं व्याज. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. खेड्यातल्या सावकारालाही जरा लाज वाटेल! स्वागताचा बोनस म्हणजे नवं गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याची मजा ही न भरणाऱ्याच्या व्याजातून चाललेली असते. हे मला जरा खुपतं, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे कार्ड आणलं काली मोदी यांनी. 1961, डायनर्स क्लब, हॉटेलांत जाणाऱ्या मोजक्या मुंबईकरांसाठी. 1980 मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाचं 'सेंट्रलकार्ड' आलं. नंतर दोन हजारच्या दशकात सिग्नलपासून मॉलपर्यंत सगळीकडे कार्डं वाटली गेली. मार्च 2008 मध्ये देशात सुमारे पावणेतीन कोटी कार्डं होती. पैसे थकले, बँका घाबरल्या, आणि 2011 मध्ये आकडा 1.8 कोटींवर आला. 2024 मध्ये तो 10 कोटींच्या पुढे गेला. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने नियम घट्ट केले. 2022 च्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही, आणि तुम्ही बंद करायला सांगितलं की सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड. हे लक्षात ठेवा, कामाला येतं.

आणि विमान कंपनीच गेली तर? 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेज थांबली. तिचे पॉइंट सांभाळणारी कंपनी वेगळी होती, म्हणून पॉइंट उरले आणि 'इंटरमाइल्स' या नव्या नावाने जगले. विमान नव्हतं, पण पॉइंट होते!

जळगावचं दुखणं याच्या उलटं. आपल्या विमानतळाचं उद्घाटन 23 मार्च 2012 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं. त्या जळगाव जिल्ह्याच्याच, त्यामुळे कौतुक वेगळंच होतं. पण विमान? डिसेंबर 2017 मध्ये 'उडान' योजनेत एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबईहून आलं, आणि पुढच्याच वर्षी ते बंद पडलं. 2019 मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. मग 2024 मध्ये फ्लाय 91 आणि अलायन्स एअर. बँकांच्या भागीदार यादीत सहसा मोठ्या कंपन्या असतात, आपल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या नव्हेत. पूर्वी अलायन्स एअर ही एअर इंडियाच्या घरातलीच. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली. एका घराच्या दोन चुली झाल्या. पॉइंट वापरायचेच तर आई-आप्पांनी आधी गाडी करून अजिंठ्याचा घाट उतरत-चढत संभाजीनगर गाठायचं. धुळ्याच्या मामाला तर गोंदूरची धावपट्टी घराजवळ आहे, पण प्रवासी विमानासाठी तो नाशिकला जातो.

शेवटी मी सरळ पैसे मोजून जळगाव-पुणे तिकिटं काढली. एकही पॉइंट लागला नाही. आई खिडकीशी बसली. उतरल्यावर तिची तक्रार एवढीच, की चाळीसगाव कुठे गेलं ते कळलंच नाही. रेल्वेत तिथे चहा तरी मिळतो. आप्पा मात्र मागच्या महिन्यात अचानक म्हणाले, "त्या कार्डाचं काय झालं रे?"

मी ॲप उघडून दाखवलं. दहा हजार पॉइंट, जसेच्या तसे. खाली लाल अक्षरांत मुदत संपायची तारीख. आप्पांनी चष्मा वर केला, तारीख वाचली आणि म्हणाले, "आम्ही उधारी वसूल करायला निदान घरी तरी जायचो."