रोमन लोक आमच्या गावी आले होते का?

मुलांना प्राचीन रोम शिकवणे हे तसे अवघड काम नाही. सीझरचा खून सांगावा, हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबालची गोष्ट सांगावी, फळ्यावर रोमन आकडे काढून दाखवावेत. घंटा कधी होते ते कळतही नाही. अवघड असतो तो घंटेनंतर येणारा प्रश्न. वाशिंदला सहावीच्या वर्गात असाच एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ह्या रोमन लोकांचं आणि आपलं काय नातं?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. भातलावणीच्या दिवसांत ज्याची शाळा बुडते, त्याने शिकण्याचा एवढा हिशेब मागावा हे रास्तच आहे. मी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. जुलै हा ज्युलिअस सीझरचा, ऑगस्ट हा ऑगस्टस बादशहाचा. सप्टेंबरात आपला सप्त दिसतो, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव आणि डिसेंबरात दश. "पण सप्टेंबर तर नववा!" दोघे-तिघे एकदम ओरडले. जुने रोमन लोक मार्चपासून वर्ष मोजीत, असे सांगताच सारा वर्ग बोटे मोजू लागला. संस्कृत ग्रंथांतला 'दीनार' हा शब्दही रोमच्या 'देनारिउस' नाण्यावरून आलेला.

हे झाले शब्दांचे नाते. मालाचे नाते आमच्यापासून अवघ्या पाच स्टेशनांवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ईजिप्तमधल्या कोणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती ग्रीक भाषेत लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याने आपले नाव काही कोठे दिलेले नाही. तीत सुप्पारा आहे, म्हणजे आपले सोपारे. सेमुल्ला आहे, म्हणजे चौल. आणि कल्लिएना आहे, म्हणजे आपण जेथे गाडी बदलतो ते कल्याण! ईजिप्त इसवी सनापूर्वी ३० साली रोमच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे आपल्याकडे येणारे हे 'रोमन' बहुतेक ग्रीक बोलणारे. आपले लोक अशांना यवन म्हणत. कार्ल्याच्या लेण्यातले काही खांब यवनांनी दान दिले, असे त्या खांबांवरच कोरलेले आहे.

ही गलबते जुलैच्या सुमारास ईजिप्तहून निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडून येत. हिवाळ्यात वारा फिरला की परत जात. ज्या वाऱ्यावर आमच्या खाचरांत पाणी साचते, त्याच वाऱ्यावर त्यांची शिडे फुगत. येताना ते दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्याचांदीची नाणी आणीत. जाताना मिरी, हस्तिदंत, अकीक आणि सुती कापड नेत. हिंदुस्थान दरसाल निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने लिहून ठेवली आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यात हा प्लिनी दगावला. त्याच उद्रेकाच्या राखेखाली पाँपेई शहर गाडले गेले आणि १९३८ साली तेथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती घडण आपल्या हिंदी कारागिराची. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. आणि तिकडचा समुद्रदेव पोसायडन कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडला. देवांचीदेखील अशी अदलाबदल झालेली आहे.

येथवर सारे ठीक होते. पुढे मात्र माझी जीभ घसरली. कल्याणचा माल मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जात असे, हे सांगता सांगता मी म्हणालो, "म्हणजे रोमन व्यापारी आपल्याच मुलखातून, आपल्याच वाटेने घाट चढले बरं का!" वर्गात आनंदीआनंद झाला. मलाही बरे वाटले. कादंबरी लिहिणाऱ्या मास्तराला ही खोड असतेच.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझा आजा विचारतो, ते व्यापारी घाट चढले, तर त्यांचं ओझं कोणी वाहिलं?"

मी निरुत्तर झालो. आजाने हा प्रश्न कोठल्या ग्रंथातून काढला नव्हता. ओझे वाहून त्याच्या खांद्याला घट्टे पडले होते. आमच्या गावालाही हा प्रश्न नवा नाही. १८५५ साली कल्याणहून आगगाडी वाशिंदपर्यंत आली आणि पुढे काही वर्षे येथेच थांबत असे. येथे उतरलेला माल घाटाकडे कोणी नेला, त्यांची नावे तरी कोणी लिहून ठेवली?

त्या रात्री मी माझीच विधाने तपासून पाहिली. रोमन व्यापारी नाणेघाट चढल्याचा पुरावा काय? काही नाही. उलट पेरिप्लस सांगतो की, थोरल्या सारगनसच्या म्हणजे सातकर्णीच्या काळी कल्याण हे रीतसर बंदर होते; पुढे ते संदनेस नावाच्या राजाच्या हाती गेल्यावर व्यापाराला अडथळा आला आणि तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात आमच्या कल्याणचे बंदरच मारले गेले होते! ते भांडण कसे मिटले, त्याची साक्ष १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला मिळाली. तेथे सापडलेल्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर, नहपान क्षत्रपाच्या शिक्क्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का उठवला आहे.

मग मी वर्गापुढे उभा राहून सांगितले, "मुलांनो, काल मी चुकलो. माल घाटाने जात असे हे खरे. रोमन माणूस तो घाट चढला, हे मी मनानेच सांगितले." मुले गप्प झाली. गुरुजी चुकतात, याचा त्यांना धक्का बसला असावा. मला मात्र हलके वाटले.

त्या हिवाळ्यात मुरबाड, टोकावडे करीत आम्ही वैशाखऱ्याला गेलो आणि घाट चढलो. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती कार्षापणे दान दिली, ते त्यात आकड्यांनिशी कोरले आहे. शेजारी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. दाने मोजली गेली, नाणी मोजली गेली. पाठीवर गोण्या घेऊन ह्या पायऱ्या चढलेली माणसे मात्र कोणी मोजली नाहीत. मुलगा बराच वेळ त्या झिजलेल्या पायऱ्यांकडे पाहत उभा होता. मी काही बोललो नाही.

तेव्हापासून रोमचा धडा शिकवताना मी वहीत तीन रकाने पाडायला सांगतो : लिहिलेले, सापडलेले आणि तर्काचे. पहिल्यात पेरिप्लस आणि प्लिनी, दुसऱ्यात पाँपेईची मूर्ती आणि जोगळटेंभीची नाणी. तिसरा रकाना मुले जपून भरतात, कारण तेथे पुस्तक उपयोगी पडत नाही. त्या वर्षी त्या मुलाच्या तिसऱ्या रकान्यात एकच ओळ होती : 'ओझे आपल्या लोकांनी वाहिले असणार.'

मी तिला पूर्ण गुण दिले. त्यातला 'असणार' हा शब्द त्याने स्वतःहून लिहिला होता.