कलायखंज

कलायखंज : लाखोळी हे कडधान्य दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पायांच्या स्नायूंना कायमचा ताठरपणा आणणारा विकार. यास लॅथिरिझम किंवा लाखेचा पांगळेपणा असेही म्हणतात. लाखोळी (लाख, खेसारी, तिवडा, लॅ. लॅथिरस सटायव्हस, कुल लेग्युमिनोसी) ही पूर्व विदर्भातील भातशेतीच्या जोडीने येणारी वनस्पती होय. श्रमजीवी माणसाच्या स्नायूंना बळ देणारे धान्यच त्या स्नायूंवरील ताबा हिरावून घेऊ शकते, हे या विकाराचे वैशिष्ट्य असून त्याच्या इतिहासात शरीरक्रिया, शेती व दारिद्र्य यांची एकत्र गुंतागुंत आढळते.

पीक व प्रदेश : चंद्रपूर (१९६४ पूर्वीचे नाव चांदा) आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे जिल्हे वनांसाठी प्रसिद्ध आहेत, तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी इ. भाग प्रामुख्याने भाताचा आहे. येथे धान कापणीस येण्यापूर्वीच बांध्यांतील ओलसर मातीत लाखोळीचे बी फेकतात. नांगरट, खत वा पाणी यांवाचून केवळ उरलेल्या ओलीवर ते वाढते. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण सु. २५ ते ३० टक्के असते. अवर्षणात इतर पिके गेली, तरी लाखोळी बहुधा हाती लागते. त्यामुळे चांगल्या वर्षी ती डाळ म्हणून भाताबरोबर खाल्ली जाते, तर दुष्काळात तीच भाकरीची व पोटभरीची जागा घेते. धोका नेमका याच बदलात आहे.

स्नायूंचे कार्य : कंकाल स्नायू मानवी शरीराच्या वजनाचा सु. ४० टक्के भाग असतात. प्रत्येक स्नायुतंतूत ॲक्टिन व मायोसीन या प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत शिरलेले असतात. हे धागे स्वतः आखूड न होता एकमेकांवरून सरकतात व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, असे १९५४ मध्ये ए. एफ. हक्स्ली व आर. नीडरगर्के आणि एच. ई. हक्स्ली व जीन हॅन्सन या दोन संशोधकांच्या जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखविले. या क्रियेस लागणारी ऊर्जा ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या संयुगापासून मिळते. त्याचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तर अमेरिकेत सायरस फिस्के व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. स्नायूतील एटीपीचा साठा काही क्षणच पुरतो. तो प्रथम क्रिएटीन फॉस्फेटापासून आणि नंतर ग्लायकोजेन व मेद यांच्या विघटनाने भरून काढला जातो.

स्नायू शिथिल होण्यासाठीही ऊर्जा खर्च होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मायोसिनाची ॲक्टिनावरील पकड एटीपी मिळाल्यावरच सुटते, तसेच आकुंचन घडविणारे कॅल्शियम आयन पुन्हा साठ्यात ओढून घेण्यासही एटीपी लागते. मृत्यूनंतर एटीपी संपल्यामुळे शरीर ताठते, ते याच कारणाने. जिवंत शरीरात मात्र स्नायूने केव्हा आवळावे व केव्हा सैल व्हावे, हे मस्तिष्क व मेरुरज्जू यांतील प्रेरक तंत्रिका ठरवितात.

विकृती : कलायखंजात स्नायू मूलतः निरोगी असतात; बिघाड आज्ञा देणाऱ्या यंत्रणेत होतो. लाखोळीतील विषारी ॲमिनो अम्ल (संक्षिप्त नाव ओडीएपी) हे ग्लुटामेट या तंत्रिका-संदेशवाहकाशी साम्य असणारे असून ते प्रेरक तंत्रिका कोशिकांना अतिउत्तेजित करून त्यांचा नाश करते. पायांकडे जाणारे लांब तंत्रिका मार्ग प्रामुख्याने बाधित होतात. वरचे नियंत्रण गेल्याने पोटऱ्यांचे व मांड्यांच्या आतील बाजूचे स्नायू सतत आवळलेले राहतात. टाचा जमिनीला टेकत नाहीत, चालताना गुडघे कात्रीसारखे एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक पावलाला नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते. रुग्ण प्रथम काठीवाचून, मग एका काठीने, पुढे दोन काठ्यांनी चालतो, शेवटी सरपटतो. बुद्धी व संवेदना शाबूत राहतात. झालेली हानी भरून येत नाही. विकार मुख्यतः तरुण, कष्टकरी पुरुषांत आढळतो व पुष्कळदा जड श्रमांनंतर एकाएकी प्रकट होतो.

इतिहास : सुश्रुतसंहितेत कलायखंजाचे वर्णन आहे, तर भावप्रकाशात त्रिपुट या धान्यामुळे खंजत्व व पंगुत्व येते असे म्हटले आहे. मध्य भारतातील साथीची नोंद डब्ल्यू. एच. स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सागर भागासंबंधी केली. ‘लॅथिरिझम’ ही संज्ञा इटलीतील आर्नाल्दो कांतानी यांनी १८७३ मध्ये रूढ केली. चांदा जिल्हा ज्यात मोडत होता, त्या मध्य प्रांतात १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांच्या काळात उद्‌भवलेल्या विकाराचा अहवाल अँड्रू ब्यूकॅनन यांनी तयार केला व तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाचे रासायनिक स्वरूप १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच उलगडले. बंगलोर येथे एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा व पी. एस. शर्मा यांनी आणि दिल्ली येथे टी. आर. शेषाद्री व सहकाऱ्यांनी हे कार्य केले.

बंदी व तिचे परिणाम : अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. सर्व राज्यांनी ती लागू केली नाही, महाराष्ट्राने केली. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. त्यामुळे पीक बांध्यांत उभे राहिले, पण ते उघडपणे विकण्याचा मार्ग बंद झाला. काही माल तूरडाळीत व बेसनात भेसळ होऊन ग्राहकापर्यंत पोहोचला. ज्याच्या घरी लाखोळीखेरीज अन्न नव्हते, त्याला मात्र बंदीने दुसरे अन्न दिले नाही. बंदी उठविण्यासाठी नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती उठविली. केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत (२०११) विक्रीवरील निर्बंध पुढेही कायम राहिला. दरम्यान रतन, प्रतीक व महातिवडा हे अल्प विषाचे वाण प्रसारित झाले.

आहारात लाखोळीचे प्रमाण सु. एक-तृतीयांशाहून अधिक असून ते दोन-तीन महिने टिकले, तर धोका संभवतो. इतर धान्यांबरोबर अल्प प्रमाणात खाल्ल्यास तो फारसा राहत नाही. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून वा उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. सिंचन, शिधावाटप व मिश्र आहार यांच्या प्रसारानंतर भारतात नवे रुग्ण विरळ झाले. या विकाराचा प्रादुर्भाव दाण्यातील विषाइतकाच ताटात दुसरे काय आहे यावर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.